मुंबईचे वास्तुविद्यार्थी व त्यांचें मंडळ

विद्यालयांचे इतिहास लिहिणारे ग्रंथकार देणगीदारांचीं नांवें, कोनशिलेची तारीख आणि प्राचार्यांची परंपरा एवढें सांगून बहुधा थांबतात. वर्ग सुटल्यानंतर विद्यार्थी कोठें जमत, काय बोलत, आणि त्या बोलण्यांतून पुढें काय निपजलें, याची नोंद क्वचितच होते. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या वास्तुशाखेची गोष्ट मात्र निराळी आहे. कारण तिच्या माजी विद्यार्थ्यांनीं काढलेलें एक लहानसें मंडळ बारा वर्षांत साऱ्या हिंदुस्थानची संस्था होऊन बसलें.

जमशेटजींनीं १८५३ सालीं एक लाख रुपये देऊं केले व १८५७ सालीं कलाशाळा सुरू झाली. चित्रकला आणि शिल्पकाम यांना तेथें मानाचें स्थान मिळालें. वास्तुकलेचा प्रवेश मात्र मागील दारानें झाला. एकोणिसावें शतक सरत आलें तेव्हां ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. सरकारी व खाजगी कचेऱ्यांना नकाशे नेटके उतरविणारे हात हवे होते, आणि ते पुरविणें हें या वर्गाचें काम होतें. कल्पना साहेबाची आणि रेषा हिंदी मुलाची, अशी ती वांटणी होती. जनरल पोस्ट ऑफिस हें जॉन बेग यांचें, प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम व गेट वे ऑफ इंडिया हीं जॉर्ज विटेट यांचीं, असें सर्वजण सांगतात. त्या कचेऱ्यांतून मेजांवर वांकून ज्यांनीं शाई वाळविली, त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर नाहींत.

या वर्गाचें पुढें रीतसर शाखेंत रूपांतर झालें. तरी शिकून बाहेर पडलेल्या तरुणास समाजांत स्थान कोणतें, हा प्रश्न उरलाच. इंजिनियर म्हणावें तर तो इंजिनियर नव्हे. चित्रकार म्हणावें तर त्याच्या चित्रांत माणसें राहावयाचीं होतीं! अशा स्थितींत १९१७ सालच्या मे महिन्यांत कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं एकत्र येऊन ‘आर्किटेक्चरल स्टूडंट्स असोसिएशन’ स्थापन केलें. शिक्षण संपलें तरी नांवांत ‘विद्यार्थी’ हा शब्द त्यांनीं ठेवला, यांत विनय किती आणि नाइलाज किती, हें ठरविणें कठीण आहे. पहिले अध्यक्ष स्वतः विटेट झाले. ज्या साहेबाच्या पदरीं सरकारी कामें होतीं, त्यानेंच मंडळाचें अध्यक्षपद पतकरावें, ही लहान गोष्ट नव्हे.

मंडळाचीं नांवें बदलत गेलीं, आणि त्या बदलांतच त्याची महत्त्वाकांक्षा वाचतां येते. १९२२ सालीं तें ‘बाँबे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झालें, विद्यार्थीपण सुटलें. १९२९ सालीं त्यानें ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हें नांव धारण केलें. शहराची वेसही ओलांडली.

याच काळांत, १९२३ पासून १९४३ पर्यंत, शाखेची धुरा क्लॉड बॅटले यांच्याकडे होती. हा इंग्रज गृहस्थ विद्यार्थ्यांना वर्गांत कोंडून ठेवणारा नव्हता. जुन्या हिंदी वास्तूंचीं मापें घेऊन त्यांचे नकाशे तयार करणें यावर त्यांचा मोठा कटाक्ष असे. विद्यार्थ्यांच्या अशा नकाशांच्या आधारें त्यांनीं १९३४ सालीं हिंदी वास्तुकलेच्या विकासावर ग्रंथही प्रसिद्ध केला. मापें घेण्याचें काम वरवर पाहतां केवळ कष्टाचें वाटतें. एकानें फीत धरावी, दुसऱ्यानें आंकडा सांगावा, तिसऱ्यानें टिपावा. उन्हांत पाय भाजावेत, आणि रात्रीं कागदावर पाहावें तों एक कोन जुळत नाहीं. परंतु याच कष्टांतून दृष्टि येते. छज्जा इतकाच पुढें कां आला, याचा हिशेब उन्हाच्या तिरपेपणांत आणि पावसाच्या माऱ्यांत सांपडतो. जोतें उंच कां, चौक मध्येंच कां, जाळीचीं भोंकें एवढींच कां, हे प्रश्न ज्यानें फीत धरली त्यासच पडतात. जुन्या इमारतीचे घुमट व कमानी उचलून नव्या भिंतीवर चिकटविणें म्हणजे हिंदीपण, हा भ्रम अशा माणसास फार दिवस टिकत नाहीं.

आणि बाहेर तर वारा उलटाच वाहत होता. बॅकबेमध्यें समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर सिमेंट काँक्रीटच्या इमारती उठत होत्या. गोल वळणाचे कोपरे, खालीं खांब नसतांना पुढें आलेले सज्जे, खिडक्यांवर आडव्या भुंवयांसारखे पट्टे, जहाजाच्या वर्तुळाकार खिडक्यांची आठवण देणारे झरोके! या कलाशाळेंत व नंतर लंडनला शिकलेले गजानन बाबूराव म्हात्रे यांची मरीन ड्राइव्हवरील ‘सूना महाल’ ही इमारत याच वळणाची. या घरांना फ्लॅट म्हणत. शौचकूप घराच्या आंत असावा काय, हा वाद त्या काळीं थट्टेचा नव्हता. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना आणि नळाचे पाइप यांची गांठ नकाशावरच पडत होती, आणि ती सोडविणें आर्किटेक्टच्या पेन्सिलीकडे आलें होतें.

लोकांस हें पटवावयाचें तर व्याख्यानें पुरेशीं नव्हतीं. म्हणून संस्थेनें १९३७ च्या नोव्हेंबरांत टाउन हॉलमध्यें ‘आदर्श गृह’ प्रदर्शन भरविलें. सामानसुमानासह सजविलेल्या खोल्या आणि विजेचीं उपकरणें पाहण्यास सुमारें एक लाख माणसें आलीं. पाहणाऱ्यांपैकीं बहुतेकांना तसें घर परवडण्यासारखें नव्हतें, हें खरें. चाळीच्या एका खोलींत राहणाऱ्या गिरणीकामगाराचा आदर्श तेथें मांडलेला नव्हता, आणि ही उणीव तो थाट पाहूनही डोळ्यांआड करतां येत नाहीं.

वर्गांतील मंडळीही पालटत होती. १९३६ सालीं पेरीन मिस्त्री पदविका घेऊन बाहेर पडल्या. आर्किटेक्टचें शिक्षण पुरें करणारी या देशांतील ही पहिली स्त्री. पुढें सिंहलद्वीपांतून आलेल्या मिनेट डी सिल्वा यांना गांधीजींच्या सुटकेसाठीं निघालेल्या मोर्चांत सामील झाल्याबद्दल शाळेंतून काढण्यांत आलें. माफी लिहून देण्याचें त्यांनीं नाकारलें होतें. त्यांचें शिक्षण तुटलें, पण मुंबईशीं संबंध तुटला नाहीं. १९४६ सालीं मुल्कराज आनंद यांच्या पुढाकारानें ‘मार्ग’ हें कलाविषयक नियतकालिक निघालें, तेव्हां त्याच्या संस्थापकांत त्या व त्यांची बहीण अनिल या दोघी होत्या. स्वतंत्र होऊं पाहणाऱ्या देशाचीं घरें व शहरें कशीं असावीं, ही चर्चा आतां शाळेच्या भिंतींबाहेर छापील पानांवर आली.

१९५८ सालीं वास्तुशाखा स्वतंत्र महाविद्यालय झाली. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलकाठच्या त्या इमारतींना २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें. आणि ज्या नांवासाठीं १९१७ सालीं ते तरुण एकत्र आले, तें ‘आर्किटेक्ट’ हें नांव नोंदणीवांचून कोणीं लावूं नये, असा कायदा संसदेनें १९७२ सालीं केला. मंडळाच्या पहिल्या बैठकीपासून त्यास पंचावन्न वर्षें लागलीं.