अभियांत्रिकी गणना सॉफ्टवेअरमधील पूर्वनिर्धारित साचे व एकके

अभियांत्रिकी गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे पत्रक उघडताच, वापरकर्त्याने काहीही न निवडता जी मांडणी आपोआप लागू होते तिला पूर्वनिर्धारित साचा, आणि जी एकके लागू होतात त्यांना पूर्वनिर्धारित एकके असे म्हणतात. मॅथकॅड, एसमॅथ स्टुडिओ, स्टॅड प्रो, ऑटोकॅड व एक्सेल या सर्वांत अशी व्यवस्था कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आढळते. वापरकर्त्याने एककांची निवड केली नाही, तर ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधीच केलेली असते. म्हणून गणनेस आरंभ करण्यापूर्वी साचा व एकके निश्चित करणे हा गणनेचाच एक भाग मानला जातो.

साच्याचे स्वरूप

साच्यात सामान्यतः पुढील बाबी साठवलेल्या असतात : पृष्ठाचा आकार व समास, शीर्षपट्टी व तळपट्टी, अक्षरांचे वळण, दशांशस्थळांची संख्या, एककपद्धती आणि काही अंगभूत चलांची मूल्ये. मॅथकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत ‘नॉर्मल’ नावाची साचा-धारिका प्रत्येक नव्या कोऱ्या पत्रकाचा आधार असे. त्या धारिकेत बदल करून ती जतन केली, की पुढील सर्व नवी पत्रके त्याप्रमाणे उघडत. आधी तयार झालेल्या पत्रकांवर मात या बदलाचा परिणाम होत नाही, कारण प्रत्येक पत्रक आपली मांडणी स्वतःसोबत बाळगते. एकाच कार्यालयातील दोन पत्रकांत वेगवेगळी एकके आढळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

अंगभूत चलांकडे अनेकदा दुर्लक्ष होते. मॅथकॅडमध्ये सारणीतील घटकांचे क्रमांक मुळात शून्यापासून सुरू होतात. पुलाच्या तुळया एकपासून मोजणाऱ्या अभियंत्याने हे मूल्य साच्यातच बदलले नाही, तर पहिल्या तुळईच्या जागी दुसऱ्या तुळईचा भार वाचला जाऊ शकतो.

एककांची हाताळणी

एककांच्या दृष्टीने या सॉफ्टवेअरचे दोन प्रकार पडतात. मॅथकॅड व एसमॅथ स्टुडिओ ही एकके ‘जाणणारी’ सॉफ्टवेअर आहेत. त्यांत संख्येसोबत एकक लिहिता येते, फूट व मीटर यांची बेरीज रूपांतर करून केली जाते आणि लांबीत वजन मिळवू पाहिल्यास त्रुटी दाखवली जाते. अशा सॉफ्टवेअरमध्ये एककपद्धती बदलल्यास उत्तराचे एकक बदलते, भौतिक राशी तीच राहते. एक्सेलच्या चौकटीत मात्र केवळ संख्या असते. तिचे एकक स्तंभाच्या शीर्षकात लिहिले असले, तरी गणनेला त्याची जाणीव नसते.

ऑटोकॅडमध्ये नव्या आरेखनासाठी इंचांवर व मिलिमीटरवर आधारलेले असे दोन मूळ साचे मिळतात. चुकीचा साचा निवडल्यास आरेखनांची सांगड घालताना २५.४ पटींचा फरक पडू शकतो. स्टॅड प्रोमध्येही लांबी व बल यांची एकके आरंभीच ठरवावी लागतात.

भारतातील पार्श्वभूमी

भारतात वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली. या स्थित्यंतराच्या खुणा अभियांत्रिकी मानकांतही दिसतात. काँक्रीटविषयक भारतीय मानक ४५६ च्या १९६४ च्या आवृत्तीत ‘एम १५०’ या श्रेणीतील आकडा प्रति चौरस सेंटिमीटर किलोग्रॅम-बलात होता. १९७८ च्या आवृत्तीत न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हे एकक आले आणि तीच श्रेणी ‘एम १५’ या नावाने ओळखली जाऊ लागली. जुन्या इमारतीच्या तपासणीत जुना आकडा नव्या साच्यात तसाच भरला, तर काँक्रीट दहापट बळकट असल्याचे दिसेल.

कृष्णा-कोयना खोऱ्यातील संदर्भ

कराड हे शहर कृष्णा व कोयना या नद्यांच्या संगमावर वसले आहे. येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली स्थापन झाले. पाठ्यपुस्तके व भारतीय मानके मेट्रिक पद्धतीत असली, तरी या परिसरातील पाण्याचा व्यवहार आजही मोठ्या प्रमाणात फूट-पद्धतीत चालतो. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी अशी सांगितली जाते. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत जाहीर होतो. एक क्युसेक सुमारे २८.३२ लिटर प्रति सेकंद इतका असतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळील कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. जमिनीच्या बोलीव्यवहारात एकर व गुंठे, तर सातबारा उताऱ्यावर हेक्टर व आर अशी मापे असतात. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा, तर आर १०० चौरस मीटरचा असल्याने या दोहोंत गल्लत सहज होते.

एकके जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीएमसी, क्युसेक व गुंठा ही एकके वापरकर्त्याला स्वतः परिभाषित करता येतात. या व्याख्या साच्यात एकदाच नोंदवून ठेवल्यास प्रत्येक पत्रकात रूपांतराचे गुणक नव्याने लिहावे लागत नाहीत.

अनुभवसिद्ध सूत्रांची अडचण

एकके जाणणारे सॉफ्टवेअरही सर्वच चुका पकडू शकत नाही. ज्या सूत्रांतील स्थिरांक निरीक्षणांवरून काढलेले असतात, त्यांत एकके स्थिरांकातच दडलेली असतात. पश्चिम घाटातील पाणलोट क्षेत्रांच्या महत्तम पुरासाठी वापरले जाणारे इंग्लिस सूत्र हे याचे चांगले उदाहरण होय. मेट्रिक रूपात क्षेत्रफळाला १२४ ने गुणून, क्षेत्रफळ अधिक १०.४ यांच्या वर्गमुळाने भागतात. क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये दिले, की विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात मिळतो. मूळ फूट-पद्धतीत हेच स्थिरांक ७००० व ४ असून क्षेत्रफळ चौरस मैलांत व विसर्ग क्युसेकमध्ये असतो.

या सूत्रात एककासह क्षेत्रफळ भरले, तर सॉफ्टवेअर ‘क्षेत्रफळात निव्वळ संख्या मिळवता येत नाही’ अशा अर्थाची त्रुटी दाखवते. अशा वेळी क्षेत्रफळाला प्रथम चौरस किलोमीटरने भागून निव्वळ संख्या मिळवणे आणि अखेरीस उत्तराला घनमीटर प्रति सेकंद हे एकक जोडणे, ही योग्य रीत आहे. त्याऐवजी पूर्वनिर्धारित एककावर, म्हणजे चौरस मीटरवर, विसंबून संख्या काढली, तर २५९ चौरस किलोमीटर (१०० चौरस मैल) क्षेत्रासाठी सुमारे १,९५७ ऐवजी जवळपास २० लाख घनमीटर प्रति सेकंद असे उत्तर येते. ते हजारपट असल्याने चूक लगेच ध्यानात येते. मात्र जुन्या नकाशावरील १०० हा चौरस मैलांतील आकडा मेट्रिक सूत्रात भरला, तर उत्तर सुमारे १,१८० येते. हे उत्तर विश्वसनीय वाटते, पण ते प्रत्यक्षाहून सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते. त्यावर आधारलेला सांडवा अथवा पूल पुराला अपुरा पडेल.

एककांच्या गल्लतीतून झालेल्या दुर्घटना

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन उड्डाणादरम्यानच संपले. इंधनाची घनता किलोग्रॅमऐवजी पौंडांत धरल्याने आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले होते. वैमानिकांनी विमान गिमली येथील जुन्या धावपट्टीवर सुखरूप उतरवले. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक सॉफ्टवेअर आवेग पौंड-बल सेकंदांत देत होते, तर तो न्यूटन-सेकंदांत असल्याचे गृहीत धरले गेले होते. हा फरक सुमारे ४.४५ पट होता. दोन्ही घटनांत आकडेमोड करणाऱ्याला व तिचे उत्तर वापरणाऱ्याला अभिप्रेत असलेली एकके निराळी होती.

दक्षता

कार्यालयात अथवा महाविद्यालयात सर्वांनी एकच साचा वापरणे, साच्याच्या नावात एककपद्धती व दिनांक लिहिणे, प्रत्येक पत्रकाच्या आरंभी वापरलेली एकके शब्दांत नोंदवणे आणि स्थिरांक असलेल्या सूत्राशेजारी त्याची अपेक्षित एकके लिहिणे, या पद्धती उपयुक्त ठरतात. नवा साचा वापरात आणण्यापूर्वी, हाताने सोडवलेले एखादे उदाहरण त्यात सोडवून दोन्ही उत्तरे ताडून पाहिली जातात. दुसऱ्याकडून आलेल्या पत्रकात आकड्यांच्या आधी एककपद्धती तपासणे आवश्यक असते, कारण ते पत्रक त्याच्या निर्मात्याच्या साच्यावर उभे असते.