बाटली सुटली, टेबल अडकलं : नंदुरबार, साथ आणि परमिट रूम

आजचा विषय ऐकून काही जण हसतील, त्याची आम्हाला कल्पना आहे. दारू मिळणारं हॉटेल, तेही कोरोनात बंद पडलेलं, यात इतिहास तो काय? पण बंदीचा हुकूम कोण काढतं, कुठल्या कायद्यानं काढतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे तीन प्रश्न हातात घेतले तर परमिट रूमचं बंद शटर बरंच काही सांगतं. आणि ते पाहायला नंदुरबार फार चांगली जागा आहे.

हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव असे सहा तालुके. उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, पश्चिमेला गुजरात. गुजरातेत दारूबंदी आहे, महाराष्ट्रात परवाना पद्धत. नवापूरचं रेल्वे स्थानक तर दोन राज्यांत विभागलेलं आहे. म्हणजे एकाच फलाटावर चार पावलं टाकली की दारूचा कायदा बदलतो! अशा सीमेवरच्या परमिट रूमचं गिऱ्हाईक नुसतं गावातलं नसतं. ते पलीकडूनही येतं आणि महामार्गावरूनही.

आता थोडं मागे जाऊ. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळणं आणि विकणं सरकारच्या मुठीत आलं. मोहाच्या फुलांची दारू आदिवासींच्या घरात होती, सणावारात होती, देवाला धार घालण्यात होती. ती गाळणं गुन्हा ठरलं आणि ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेणं कायदेशीर ठरलं. इथून पुढे लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की, सरकारचा पहिला संबंध बाटलीशी आला तो महसुलासाठी.

पण बंदी काही फक्त सरकारच करतं असं नाही. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावर कोळी समाजात देवी रोगाच्या शांतीचे विधी सुरू झाले. आपल्या मराठीत त्या रोगाचं नाव आणि देवतेचं नाव एकच, हे विसरू नका. तिथून ही देवी डोंगरपट्ट्यात चढली, नाशिक, डांग, सुरत जिल्हा आणि खानदेशातल्या आदिवासी गावांत पोहोचली. आणि वाटेत तिचा हुकूम पालटला : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या ठेकेदाराकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे साथीच्या भीतीतून निघालेली दारूबंदी या भागानं शंभर वर्षांपूर्वी पाहिली, आणि ती लोकांनी स्वतःवर घालून घेतली होती.

पुढे 1937-38 च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुला महाराजांच्या आरतीला हजारो लोक जमायचे आणि दारू सोडायचे. 1970 च्या दशकात शहाद्यात श्रमिक संघटनेची चळवळ उभी राहिली, तेव्हा बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. नवऱ्याची मजुरी भट्टीवर जाते आणि मार घरी येतो, हा त्यांचा हिशोब होता. या तिन्ही वेळा बंदीमागे एक म्हणणं होतं : दारू आमचं घर खाते.

आता 2020 मध्ये या. या वेळचा हुकूम दारूबद्दल नव्हताच, तो गर्दीबद्दल होता. त्याला आधार दोन कायद्यांचा. एक 1897 चा साथरोग कायदा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळी घाईघाईत केलेला. दुसरा 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, ज्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. महाराष्ट्रानं 14 मार्च 2020 ला साथरोग कायद्याखाली नियम काढले, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. दुकानं, बार, हॉटेलं, सगळं बंद. इथपर्यंत सगळे सारखे.

फरक सुरू झाला 4 मे 2020 ला. त्या दिवशी राज्यात बऱ्याच ठिकाणी वाईन शॉप आणि देशी दारूची दुकानं उघडली, रांगा लागल्या, त्या आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. मेच्या मध्यावर घरपोच विक्रीला परवानगी मिळाली. पण परमिट रूममध्ये बसून प्यायला परवानगी कधी मिळाली? 5 ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. मधले पाच महिने बाटली सुटली होती आणि टेबल अडकलं होतं.

असं का? गर्दीत, बंद खोलीत, तोंडावर मास्क न लावता तासभर बसलं तर विषाणू पसरतो, हे कारण खरं आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण दुसरं कारणही समजून घ्या. राज्य उत्पादन शुल्क कुठे वसूल होतं? टेबलावर नाही. माल कारखान्यातून किंवा गोदामातून निघतो तेव्हाच. त्यातून राज्याला वर्षाला सुमारे 15 हजार कोटी रुपये मिळत होते. बाटली दुकानातून विकली गेली काय आणि टेबलावर उघडली गेली काय, सरकारचं शुल्क तेच. टेबलाची कमाई मात्र वेगळ्यांची असते : मालकाची, आचाऱ्याची, वेटरची, भांडी घासणाऱ्याची, चखण्याचे शेंगदाणे पुरवणाऱ्याची. म्हणून बाटलीच्या बाजूनं बोलायला तिजोरी होती, टेबलाच्या बाजूनं फारसं कुणी नव्हतं.

मार्चमध्ये बारमालकाच्या कपाटात जो माल अडकला, त्याचं शुल्क आधीच भरलेलं होतं. बिअर तर साधारण सहा महिन्यांत मुदतबाह्य होते. म्हणून मे महिन्यात सरकारनं परमिट रूमना सीलबंद साठा छापील किमतीत विकायची मुभा दिली. गंमत बघा. एफएल-3 परवान्याचा अर्थच मुळी जागेवर बसून पिण्यासाठी विक्री असा आहे, म्हणून तर नाव परमिट ‘रूम’. साथीनं रूम काढून घेतली आणि नुसतं परमिट ठेवलं! छापील किमतीत माल खपतो, पण त्यात स्वयंपाकघर चालत नाही, आणि वेटरला टीपही मिळत नाही.

परवाना शुल्काचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. म्हणजे शटर खाली असताना वर्षाचा मीटर चालूच. मालकांच्या संघटनांनी ओरड केल्यावर शुल्कात सवलत मिळाली, हप्ते मिळाले. पण सवलत परवान्याला मिळते. वेटरकडे परवाना नसतो.

दुसरी लाट आली तेव्हा 5 एप्रिल 2021 पासून पुन्हा फक्त पार्सल. जूनमध्ये पाच स्तरांची पद्धत आली आणि 25 जूनच्या आदेशानं सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात गेले. तिसरा स्तर म्हणजे हॉटेल दुपारी 4 पर्यंत, निम्म्या क्षमतेनं. चहा-नाश्त्याच्या हॉटेलाचा त्यात निदान अर्धा धंदा होतो. परमिट रूमचं गिऱ्हाईक येतं संध्याकाळी 7 ला. कागदावर दोघांना एकच नियम, गल्ल्यावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक. 15 ऑगस्टपासून रात्री 10 ची वेळ मिळाली, तेव्हा कुठे संध्याकाळ परत आली.

आता समजा, नवापूरजवळ धुळे–सुरत महामार्गावर कुणाची अशी एक परमिट रूम आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच सापडला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, ताटातलं चिकन गेलं. 1 एप्रिल 2017 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गालगतची दारूविक्री बंद झाली, पुढे काही महिन्यांनी शहरी हद्दीत सूट मिळाली. 2020 मध्ये कोरोना आला, राज्याची सीमा बंद, पलीकडचं गिऱ्हाईक बंद. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू. पंधरा वर्षांत चार तडाखे, चारही वेगवेगळ्या कारणांनी, आणि एकातही त्याची स्वतःची चूक नाही.

या काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड. त्यांनी वेळेआधी उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांची चर्चा देशभर झाली. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे हे भिल्ल कुटुंबातले. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की त्यांची आई मोहाची दारू गाळून विकायची आणि त्यावर घर चालायचं. 1878 च्या कायद्यानं जे काम गुन्हा ठरवलं होतं, ते करणाऱ्या माउलीचा मुलगा जिल्ह्याचं काय उघडं आणि काय बंद हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बसला. दारू घर खाते आणि दारू घर चालवतेही, हे दोन्ही खरं असल्याचं याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

मग आमचं म्हणणं काय? परमिट रूम उघड्या ठेवायला हव्या होत्या, असं नाही. शहाद्याच्या बायकांसमोर ते म्हणायची आमची छाती नाही. म्हणणं इतकंच, की शहाद्यात मडकं फुटलं तेव्हा कशासाठी फुटलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. 2020 मध्ये सार्वजनिक आरोग्यासाठी टेबल बंद झालं, ते योग्यच. पण सगळ्यांच्या भल्यासाठी जे बंद करायचं, त्याची भरपाईही सगळ्यांनी वाटून घ्यायची असते. ती वाटणी झाली नाही. तिजोरीनं बाटली सोडवून घेतली आणि टेबलाचा भार टेबल पुसणाऱ्यावर राहिला.

शेवटी एक विनंती. सरकारी आदेश अभिलेखागारात राहतील. पण त्या दोन वर्षांचं हजेरीपुस्तक, उधारीची वही, ‘आजपासून फक्त पार्सल’ ही हातानं लिहिलेली पाटी, हे रद्दीत जाईल. तुमच्या ओळखीत कुणाकडे असेल तर जपून ठेवायला सांगा. पुढची साथ येईल तेव्हा हिशोब मांडायला तेच कागद लागतील.