ट्राम आली, वेधशाळा निघाली

आम्ही शिकवतो त्या उरणच्या एका अंगाला मुंबई, तर दुसऱ्या अंगाला, करंजा-रेवसची खाडी ओलांडली की, अलिबाग. या दोन किनाऱ्यांमध्ये शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एक विलक्षण स्थलांतर घडले.

कुलाबा वेधशाळा १८२६ ची. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होऊ लागली. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद याच वेधशाळेत झाली. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता पुन्हा ठरवली, ती याच नोंदींच्या आधारे. म्हणजे कारकुनी चिकाटीने लिहिलेल्या आकड्यांना अर्थ लाभायला दीडशे वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचे ठरू लागले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, आणि त्यातला काही जमिनीत झिरपतो. चुंबकसूचीच्या दृष्टीने हा निव्वळ गोंगाटच. मग उपकरणांभोवती धातूचे कवच का घालू नये? पण लोखंडी कवच ट्रामचा उपद्रव अडवील, तसे मोजायचे पृथ्वीचे क्षेत्रही अडवील! अंतर हेच येथे एकमेव कवच.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी हे नेमके ओळखले. सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबाग निवडले गेले आणि १९०४ मध्ये तेथे नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामात पोरबंदरी दगड, सागवान, तांबे, पितळ, लोखंडाला मज्जाव. खिळासुद्धा पारखून घ्यावा लागणारी ही वास्तू आम्हांला एखाद्या सोवळ्या स्वयंपाकघरासारखी वाटते. असो.

मूस यांचे खरे मोठेपण मात्र इमारतीत नाही. दोन्ही ठिकाणी १९०४ ते १९०६ अशी समांतर निरीक्षणे झाली, त्यामुळे कुलाब्याचे आकडे अलिबागच्या आकड्यांशी जुळवता आले आणि मालिका तुटली नाही. पुढे १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतची कुलाब्याची सामग्री प्रसिद्ध केली. मुंबईच्या स्मरणरंजनात ट्रामची घंटा भरपूर वाजते. या सांध्याची आठवण फारसे कोणी काढत नाही.

विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली आणि ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. पण तोवर, १९२५ पासून, लोकलही विजेवर धावू लागली होती. वेधशाळा अलिबागलाच राहिली.