चिनी संभाषणशिष्टाचार

चिनी संभाषणशिष्टाचार म्हणजे संबोधन, अभिवादन, आग्रह, नकार आणि निरोप यांविषयी चिनी भाषक पाळत असलेले संकेत. चीन, तैवान, हाँगकाँग व सिंगापूर येथे हे संकेत तंतोतंत सारखे नाहीत. तथापि समोरच्या व्यक्तीचे वय, पद आणि नाते ठरवून मगच बोलण्यास आरंभ करावा, ही धारणा सर्वत्र आढळते.

संबोधन

मराठीत आदर क्रियापदातूनही व्यक्त होतो (‘तू आलास’, ‘तुम्ही आलात’). चिनी क्रियापदे पुरुष किंवा वचनानुसार बदलत नाहीत. त्यामुळे आदराचा बहुतेक भार संबोधनावर पडतो. ‘नी’ म्हणजे तू आणि ‘नीन’ म्हणजे आदरार्थी तुम्ही. परंतु ‘नीन’चा वापर मुख्यतः उत्तर चीनमध्ये होतो. मराठीच्या सवयीने ‘नी’चे अनेकवचन ‘नीमन’ एकाच वडीलधाऱ्या व्यक्तीसाठी योजणे ही चूक ठरते.

आदर दाखवताना सर्वनामाऐवजी आडनाव व त्यापुढे पद लावतात. ‘वांग लाओशी’ म्हणजे वांग गुरुजी. सहकाऱ्यांत वयाने मोठ्याच्या आडनावाआधी ‘लाओ’ (जुना, वयस्क) आणि धाकट्याच्या आडनावाआधी ‘श्याओ’ (लहान) लावण्याची रीत आहे. अनोळखी व्यक्तीलाही नात्याने हाक मारतात. मावशीसाठीचा ‘आ-यी’ हा शब्द मराठी कानाला चमत्कारिक वाटेल. वडिलांच्या थोरल्या व धाकट्या भावांना वेगळे शब्द आहेत, म्हणजे येथे ‘काका’ एवढ्याने भागत नाही. १९४९ नंतर ‘थोंगचृ’ (कॉम्रेड) हे सर्वांना समान संबोधन रूढ झाले होते; आर्थिक सुधारणांच्या काळात ते मागे पडले.

भारतीय वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) तेथे ‘ख दीह्वा’ या नावाने ओळखले जातात. चिनी पद्धतीप्रमाणे यातील ‘ख’ आडनावाच्या जागी आहे, तर अखेरचे ‘ह्वा’ चीनचे निदर्शक आहे.

संबोधन ठरेना म्हणून बोलणेच अडावे, हा प्रसंग मराठी परंपरेसही परिचित आहे. गोदाकाठच्या पुणतांबा (ता. राहाता, जि. अहिल्यानगर) येथे ज्यांची समाधी आहे, त्या चांगदेवांची कथा अशी : ज्ञानेश्वर वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ते ज्ञानाने थोर, ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वय आड येते. अखेर त्यांनी कोरेच पत्र धाडले. त्याचे उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. चिनी रीतीत वय आणि अधिकार यांचा असा पेच पडल्यास बहुधा पदाचा आधार घेतला जातो. वडीलधाऱ्यांचे नाव उच्चारणे मात्र दोन्हीकडे वर्ज्य मानले गेले. मराठीत उखाण्याला अर्थ आला तो त्यामुळेच.

आग्रह आणि नकार

खाद्यपदार्थ वा भेटवस्तू पहिल्याच वेळी स्वीकारणे उतावीळपणाचे समजतात. दोनतीनदा नको म्हणणे आणि यजमानाने पुन्हा आग्रह करणे अपेक्षित असते. स्तुतीला ‘नाली नाली’ (शब्दशः ‘कुठे, कुठे?’) असे उत्तर देण्याची जुनी रीत आहे, तरुण पिढीत सरळ आभारही मानले जातात. स्पष्ट नकाराने समोरच्याची ‘म्येन्झ’ (शब्दशः चेहरा, म्हणजे चारचौघांतील पत) जाते, म्हणून ‘विचार करून पाहतो’ असे म्हणतात. परकीय व्यक्ती हे आश्वासन समजून वाट पाहत राहते, आणि गैरसमजांचे हे एक नेहमीचे कारण आहे.

कँटोनीज भाषेत आभाराचे दोन शब्द आहेत : भेटीसाठी ‘तो-चे’ आणि कोणी काम करून दिल्यास ‘म्-कोय’. चहा ओतला जात असताना बोटांनी मेजावर हलकेच टकटक करणे हाही आभारच होय.

अभिवादन व निरोप

‘नी हाओ’ हे पाठ्यपुस्तकातील अभिवादन परिचितांत काहीसे औपचारिक वाटते. ‘जेवण झाले का?’ किंवा ‘कुठे निघालात?’ असे विचारणे अधिक स्वाभाविक. त्यास सविस्तर उत्तराची अपेक्षा नसते. निघणाऱ्या पाहुण्याला यजमान दारापर्यंत, क्वचित रस्त्यापर्यंत पोहोचवतो आणि ‘मान झोउ’ म्हणतो, म्हणजे ‘सावकाश जा’.