'द अपोलो मर्डर्स' : खरं किती, रचलेलं किती?

आधी एक कबुली. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या ग्रुपवर 'नासाने लपवलेली अपोलो १८ ची क्लिप' आली आणि मी, इंजिनिअर असून, ती दोन जणांना फॉरवर्ड केली. नंतर कळलं की ती 'अपोलो १८' याच नावाच्या २०११ च्या हॉरर सिनेमातली आहे. खरी अपोलो १८ कधी उडालीच नाही. ती मोहीम १९७० मध्येच रद्द झाली. चंद्रावर माणसं गेली ती शेवटची अपोलो १७ मधून, डिसेंबर १९७२ मध्ये.

म्हणून याच रद्द मोहिमेवरची 'द अपोलो मर्डर्स' (२०२१) ही कादंबरी मी फोन शेजारी ठेवूनच वाचली. लेखक क्रिस हॅडफील्ड. कॅनडाच्या हवाई दलात सीएफ-१८ चा फायटर पायलट, मग टेस्ट पायलट, मग तीन वेळा अंतराळात जाऊन आलेला अंतराळवीर. २०१३ मध्ये अंतराळ स्थानकात गिटार वाजवत गाणारा मिशीवाला माणूस आठवतोय? तोच.

गोष्ट १९७३ ची. अपोलो १८ रद्द न होता लष्करी कामावर निघते, कारण रशियाने अल्माझ नावाचं हेरगिरीचं स्थानक सोडलंय. पुढचं सांगत नाही, मजा जाईल.

आता खरं काय? अल्माझ खरं आहे. पहिलं अल्माझ एप्रिल १९७३ मध्ये 'सॅल्यूत २' या नावाने सोडलं, म्हणजे लष्करी काम झाकायला साधं नाव. काही दिवसांतच त्यातली हवा गेली आणि तिथे कुणी पोचलंच नाही. त्यानंतरच्या सॅल्यूत ३ वर तर चक्क तोफ होती! मला वाटलेलं ही लेखकाची फेकाफेक असणार.

लुनोखोद २ ही रशियन चांद्रगाडीही खरी. जानेवारी १९७३ मध्ये उतरली आणि सुमारे ३९ किमी फिरली. तिला क्रिमियात बसून पाच जणांची टीम चालवायची. पृथ्वी ते चंद्र सिग्नलला साधारण १.३ सेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन २.६ सेकंद. गेम खेळणाऱ्यांच्या भाषेत, पिंग २६०० ms! वर चित्रही सलग व्हिडिओसारखं नाही, काही सेकंदांनी एक. समोर खड्डा दिसेपर्यंत गाडी त्यात गेलेली असू शकते. आपण तर पिंग २०० झाला की फोन आपटतो.

हे सगळं शोधून कुणीही लिहू शकेल. पायलट असल्याचा फरक मला दुसरीकडे दिसला. नायक काझ हा नौदलाचा टेस्ट पायलट. सुरुवातीलाच एफ-४ फँटमवर पक्षी आदळतो आणि त्याचा एक डोळा जातो. त्या प्रसंगात फार आरडाओरडा नाही. आधी विमान सांभाळायचं, मग काय दिसतंय ते तपासायचं, मग उतरायचं.

हे हॅडफील्डने स्वतः भोगलंय. २००१ मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर रोबोटिक हात बसवताना त्याचा एक डोळा चुरचुरायला लागला. वजनरहित जागेत अश्रू खाली ओघळत नाहीत. पाण्याचा गोळा डोळ्यावरच साचला, नाकावरून दुसऱ्या डोळ्यात गेला आणि तो बाहेर असतानाच दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला. कारण निघालं हेल्मेटच्या काचेवर धुकं धरू नये म्हणून लावलेलं द्रावण. थोड्या वेळाने दिसायला लागलं आणि त्याने उरलेलं काम पूर्ण केलं. काझचं सुरुवातीचं पान मी यानंतर पुन्हा वाचलं.

तक्रार एकच: पात्रं इतकी आहेत की मध्येच कोण कुणाचा ते विसरायला होतं.

तुम्हाला मूळ माल बघायचा असेल तर 'अपोलो लुनार सरफेस जर्नल' शोधा, इंग्रजीत आणि फुकट आहे. चंद्रावर उतरलेल्या प्रत्येक अपोलो मोहिमेतलं बोलणं त्यात वेळेसकट लिहिलेलं आहे. माझ्या त्या दोन मित्रांना मी आता तीच लिंक पाठवली आहे.