हाटात बसलेली मुलं : चारशे वर्षांपूर्वी व्यापार कसा शिकत असत?

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुतेक वेळा होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांकडून येतो. मुलगा किंवा मुलगी तेरा-चौदा वर्षांची आहे, शाळेत जात नाही, काहीतरी स्वतःचं करून विकायची आवड आहे. "तुम्ही जुन्या व्यापाऱ्यांवर अभ्यास करताय ना, मग त्यांच्या घरी मुलांना धंदा कसा शिकवायचे ते सांगा की!"

या प्रश्नामागे एक समजूत असते. पूर्वी मुलं दुकानात बसायची, बघून-बघून शिकायची, शाळाबिळा काही लागायची नाही. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आज एकाच घराची गोष्ट सांगतो. त्या घराबद्दल आपल्याला माहिती आहे, कारण त्यातल्या एका मुलानं म्हातारपणाकडे झुकताना स्वतःचं आयुष्य लिहून ठेवलं.

त्याचं नाव बनारसीदास. जन्म 1586 चा, जौनपूरचा. श्रीमाळ जैन, बाप जवाहिऱ्या. 1641 साली आग्र्यात बसून त्यानं 'अर्धकथानक' लिहिलं. माणसाचं पूर्ण आयुष्य 110 वर्षांचं धरलं तर पंचावन्न म्हणजे अर्धं, म्हणून हे नाव. दोहे-चौपायांत लिहिलेलं हे आत्मचरित्र शेकडो वर्षं हस्तलिखितांत राहिलं. 1943 मध्ये नाथूराम प्रेमींनी ते मुंबईतून छापलं. बादशहांची आणि संतांची चरित्रं पुष्कळ सापडतात, पण उधारी, खोट आणि कर्ज यांबद्दल इतकं मोकळेपणी बोलणारा व्यापारी त्या काळात दुसरा मिळणं कठीण. माझ्यासारख्या विद्यार्थ्याला म्हणूनच हे पुस्तक सोन्यासारखं.

आधी बापाचं शिक्षण

बनारसीदासची गोष्ट त्याच्या आजोबापासून सुरू होते. आजोबा मूलदास माळव्यात एका मुघल सरदाराचे मोदी होते. ते वारले आणि सरदारानं मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा आजी आपल्या लहान मुलाला, म्हणजे खरगसेनला, घेऊन जौनपूरला माहेरी आली. पेढी गेली, घर गेलं. आता हा मुलगा व्यापारी होणार कसा?

पुढचा क्रम बघा, कारण सगळं मर्म त्यातच आहे. खरगसेन आठ वर्षांचा झाल्यावर आधी चाटशाळेत गेला. म्हणजे शाळा होती! तिथे अक्षर आणि अंक आले. मग तो चांदी, टका आणि सोनं पारखायला शिकला. मग घरची उचापत लिहू लागला, जमा किती झाली ते समजावून सांगू लागला, देणं-घेणं रीतसर मांडू लागला. आणि मग हाटात बसून सराफी शिकला.

'उचापत' या शब्दावर क्षणभर थांबतो. आज आपण उचापती पोर म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर नसते उद्योग करणारा पोरगा येतो. पण जुन्या मराठीत उचापत म्हणजे दुकानातून उधारीवर उचललेला माल. खरगसेनच्या हाती आधी ही वही आली. घरच्या उधारीचा हिशेब चुकला तर नुकसान थोडं, आणि ओरडणारं माणूसही घरचंच.

पुढे किशोरवयातच तो बंगालला गेला आणि राय धन्ना नावाच्या दिवाणाच्या हाताखाली पोतदार झाला. मराठी वाचकाला पोतदार वेगळा सांगायला नको. खजिना सांभाळणारा, नाणं पारखणारा. चार परगण्यांचा वसूल त्याच्या हातून जाऊ लागला. थोड्याच दिवसांत राय धन्ना अचानक वारला, सगळा डोलारा कोसळला आणि हा पोरगा जीव वाचवत जौनपूरला परतला. शिक्षणाचा हाही भाग होताच, फक्त तो कुणी शिकवला नव्हता.

पावकी, निमकी आणि मोडी

हा क्रम आपल्याकडेही अनोळखी नाही. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरं झाली की मुलं पाढ्यांना लागायची, आणि ते पाढे नुसते दोन ते तीसचे नसायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज आपल्याला यात निव्वळ घोकंपट्टी दिसते. पण सव्वा रुपया शेर दरानं साडेतीन शेर माल दिला तर किती झाले, हे गिऱ्हाईक समोर उभं असताना सांगायचं असेल तर कागद काढायला वेळ नसतो. त्यात रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्याला या हिशेबांची सवयच नाही. मोडीचंही तसंच. हात न उचलता भरभर लिहायची ती लिपी दप्तराला आणि वहीला सोयीची होती.

तेव्हा पहिला मुद्दा असा : बाजारात बसण्याआधी डोक्यात एक अवजारपेटी भरली जायची. ती घोकून भरली जायची आणि त्याबद्दल कुणाला लाज वाटत नव्हती. 'नुसतं बघून शिकले' म्हणताना ही पेटी आपण विसरतो.

कवड्यांचा धंदा

आता बनारसीदासकडे येऊ. तोही आठव्या वर्षी गुरूकडे गेला, लिहा-वाचायला शिकला. तो बारा वर्षांचा होईतो जौनपूरवर संकट आलं. तिथला नवाब किलीच खान यानं शहरातल्या सगळ्या जवाहिऱ्यांना पकडलं. त्याला हवी होती ती वस्तू ते देऊ शकले नाहीत, म्हणून फटके मारले आणि मग सोडलं. जवाहिऱ्यांनी बायकापोरांसह शहर सोडलं. खरगसेनचं कुटुंब प्रयागच्या बाजूला शहजादपूरला जाऊन राहिलं. बाप व्यापारासाठी प्रयागला गेला, मुलगा घरी.

या पडझडीच्या दिवसांत त्या मुलानं पहिला धंदा केला, कवड्यांचा. कवडी आपल्याकडे आता फक्त वाक्प्रचारांत उरली आहे, कवडीमोल, फुटकी कवडी. तेव्हा ते चलन होतं, सगळ्यात खालच्या पायरीचं. मालदीवच्या समुद्रातून कवड्या बंगालमध्ये यायच्या आणि तिथून आत पसरायच्या. टक्याला किती कवड्या हा दर पक्का नसे. त्यामुळे कवड्या घेऊन विकणं म्हणजे सराफीचीच छोटी आवृत्ती. भाव बघायचा, मोजायचं, थोडं अंतर ठेवायचं. दिवसाला एक-दोन टके सुटायचे.

मिळालेला नफा तो आजीपुढे नेऊन ठेवायचा. ही आजी म्हणजे तीच, जी नवऱ्यामागे मुलाला घेऊन जौनपूरला आली होती. नातवाची पहिली कमाई म्हणून ती कुलदैवताच्या नावानं लाडू वाटायची. हिशेबाच्या दृष्टीनं बघितलं तर नफा लाडवांत गेला! पण मुलाला कळलं की आपण कमावलेलं घरात मोजलं जातं, आणि चार लोकांत मिरवलंही जातं.

मुलाला शिकायचं होतं वेगळंच

इथवर गोष्ट सरळ आहे. पण चौदाव्या वर्षी बनारसी पंडित देवदत्तांकडे गेला आणि कोश, अलंकार, ज्योतिष शिकू लागला. कवितेचं वेड लागलं, प्रेमाचंही लागलं. हजारेक पद्यांचा शृंगारिक ग्रंथ लिहिला (तो पुढे पश्चात्ताप होऊन स्वतःच गोमतीत बुडवला). घरचे मोठे लोक समजावत राहिले की फार शिकणं हे ब्राह्मण-भाटांचं काम, वाण्याच्या पोरानं हाटात बसावं, जास्त शिकलेला भीक मागतो. त्यानं ऐकलं नाही.

व्यापारी घरांतल्या शिक्षणाची ही दुसरी बाजू आहे. अवजारपेटी भरली जायची, पण कुठवर भरायची ते जातीनं ठरवलेलं असायचं. ज्याला ती हद्द ओलांडायची असेल त्याला घरातून विरोध. आज आपण उलट्या बाजूनं तेच करतो. दहावी-बारावीच्या आधी विकायला लागलेल्या मुलाला 'आधी शिक्षण पूर्ण कर' म्हणतो.

आग्रा, आणि खरी फी

1610 साली, बनारसी चोवीसचा असताना, बापानं त्याच्यापुढे माल मांडला. काही रत्नं, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले, जौनपुरी कापड. भांडवल काही घरचं, काही कर्जाचं. मालाची यादी हाती देऊन सांगितलं, आग्र्याला जाऊन वीक, आता घराचा भार तुझ्यावर.

वाटेत इटाव्याजवळ पावसानं गाठलं, सराईत जागा मिळाली नाही. आग्र्यात पोचल्यावर भावांचा अंदाज नाही. तूप-तेलात थोडं सुटलं, कापडात खोट आली. काही रत्नं इजारीच्या नाडीत बांधली होती, ती कुठेतरी गळून पडली. काही माणकं दोरीवर टाकलेल्या कपड्यात होती, ती उंदरानं नेली. हे सगळं तो स्वतःच सांगतो, कुणावर दोष न ढकलता. शेवटी घरातलं सामान विकून खायची पाळी आली. रात्री तो 'मधुमालती' आणि 'मृगावती' वाचून दाखवायचा, दहा-वीस माणसं ऐकायला यायची. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसी त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या खायचा. एक दिवस त्यानं कचोरीवाल्याला खरं सांगून टाकलं, की माझ्याकडे काही नाही, पुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, वीस रुपये झाले तरी तुला कुणी काही बोलणार नाही, खा. सहा-सात महिन्यांचं बिल झालं चौदा रुपये, आणि ते पुढे हप्त्यांनी फिटलं.

मग धरमदास नावाच्या तरुणाबरोबर भागी झाली, पाचशे रुपयांच्या भांडवलावर. दोन वर्षं दोघांनी मोती-माणकं घेतली-विकली. 1613 मध्ये हिशेब करून वेगळे झाले. मिळवलेलं सगळं खाण्यात गेलं होतं, एक कवडीही उरली नव्हती. बारा वर्षांचा असताना कवड्यांत नफा काढणारा हा मुलगा सत्ताविसाव्या वर्षी शून्यावर उभा होता.

तो सासरी खैराबादला गेला. बायकोनं साठवलेले वीस रुपये काढून दिले. तिनं आपल्या आईला गुपचूप सांगितलं, आणि सासूनं दोनशे दिले. त्यावर तो पुन्हा आग्र्याला परतला. पुढे तो स्थिरावला. फार श्रीमंत झाला नाही, पण आग्र्यात त्याला नाव मिळालं.

यातून काय घ्यायचं?

माझ्या मते या घराच्या पद्धतीत तीन गोष्टी होत्या. पहिली, क्रम : अंक, पारख, घरची वही, मग बाजार. दुसरी, पैसा खरा, पण सुरुवातीला लहान. कवडी बुडाली तर कवडीच बुडते. बनारसीची मोठी खोट आली, कारण कवड्यांच्या पायरीवरून तो एकदम रत्नांच्या पायरीवर आला. मधली वर्षं कवितेत गेली होती. कवितेला मी दोष देत नाही, कारण आग्र्यात कचोऱ्या वाचनामुळेच मिळाल्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि 'उद्योजक घडवा' छापाच्या शिबिरांत तिचं नाव क्वचित निघतं. पडल्यावर धरणारी माणसं. आजी, सासू, बायको, नातलग, कचोरीवाला. बनारसीला दुसरी आणि तिसरी संधी मिळाली, ती हुशारीवर नव्हे तर या जाळ्यावर. आणि हे जाळं जन्मानं मिळायचं. श्रीमाळ नसलेल्या, बाप पेढीवर नसलेल्या मुलाला हाटात बसू देणारं कोण होतं? मुलींना तर ती वाटच नव्हती, आणि तरी अडीला निघालेला पैसा बायकांच्याच गाठीतून आला.

आजचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः बचत खातं चालवता येतं, पण आपल्या कायद्यात अठराच्या आतल्याचा करार ग्राह्य नाही. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीनं कितीही चांगला माल केला तरी भाडेकरारावर किंवा कर्जाच्या कागदावर सही मोठ्यांचीच. तेव्हा पालकांनी काय शिकवायचं याइतकाच प्रश्न आहे, पालक कशाला उभे राहणार. घरात ऐपत आणि ओळखी आहेत त्यांच्या मुलांची पहिली खोट 'अनुभव' ठरते, बाकीच्यांची कर्ज ठरते. तुमच्या मुलीला घरची वही द्या, कवड्यांएवढं भांडवल द्या, हे मी जरूर सांगेन. पण शेजारच्या, ज्याच्यामागे कुणी नाही अशा मुलालाही त्याच वहीपाशी बसवलंत तर चारशे वर्षांपूर्वीच्या त्या घराच्या एक पाऊल पुढे जाल.

बनारसीदासला नऊ मुलं झाली. त्यांतलं एकही जगलं नाही. दुकानात शेजारी बसवून शिकवायला कुणी नव्हतं. आपल्या खोटीचा हिशेब इतका तपशीलवार त्यानं का लिहिला, याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात, आणि त्यांतलं धार्मिक कारण मोठंच आहे. पण खरगसेनची उचापतीची वही वाचताना मला दर वेळी वाटतं, ही उतरंड कुणाच्या तरी हाती जायला हवी होती. ती आपल्या हाती आली आहे.