मान, भीक आणि नाते

आमच्या लहानपणी वाड्यात बारसे झाले की आठ-पंधरा दिवसांत दिंडीदरवाजात टाळी वाजायची. ती टाळी साधी नव्हे; चौक ओलांडून थेट स्वयंपाकघरात पोचणारी. आम्ही पोरे खिदळत माडीवर पळत असू. आजी मात्र हातातले काम टाकून उठे. सुपात तांदूळ, त्यावर खण-नारळ आणि सव्वा रुपया घेऊन ती ओसरीवर येई आणि बाळाला त्या पाहुणीच्या हाती देई. ती बाळाला घेऊन नाचे, दृष्ट काढी, कानशिलावर कडाकडा बोटे मोडी आणि "आई, तुमच्या वंशाचा वेल मांडवावर जाऊ दे," असे म्हणून निघे.

एकदा मी आजीला विचारले, "भिकाऱ्यांना एवढे कशाला देतेस?"

आजीने डोळे वटारले. "भीक नव्हे रे ती. मान आहे त्यांचा."

भीक आणि मान यांत काय अंतर आहे, ते तेव्हा कळले नाही. पुढे इतिहासाच्या नादी लागलो, तेव्हा मौज वाटली ती याची की, नेमक्या याच प्रश्नावर एके काळी सरकारदरबारी खल झाला होता.

मराठी अमदानीत दख्खनमधील तृतीयपंथीयांना सनदा मिळालेल्या होत्या. कोणाला जमिनीचा तुकडा, कोणाला रोकड नेमणूक, कोणाला गावोगाव पैसा व धान्य मागण्याचा हक्क. पाटील-कुलकर्ण्यांचे वतन जसे बापाकडून मुलाकडे जाई, तसा हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. म्हणजे त्या राजवटीने नुसते पोटापुरते दिले नव्हते. गुरू-चेल्याचे नाते, वारशापुरते का होईना, खरे मानले होते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनी सरकारने इनामांची छाननी आरंभिली आणि १८५२ साली इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले. त्याच सुमारास या सनदांचाही प्रश्न मुंबई सरकारपुढे आला. साहेबांना पेच पडला. जुन्या सरकारचा शब्द पाळावा, की ज्या राहणीची आपल्याला किळस वाटते तिचा आधार काढून घ्यावा? किळस वरचढ ठरली. हे हक्क चेल्यांकडे चालू देण्यास सरकार तयार झाले नाही. आजीच्या भाषेत सांगावयाचे तर, मानाची भीक झाली.

उत्तरेकडे तर याहून कठोर प्रकार घडला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक अख्खा भाग तृतीयपंथीयांसाठी होता. तो आरंभी वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब येथे लागू झाला. सरकारला ज्यांचा संशय येई त्यांची नावे, पत्ते आणि मालमत्ता नोंदवहीत चढत. अशा नोंदलेल्या माणसाने बायकी वेषात रस्त्यावर दिसणे, लोकांपुढे नाचणे किंवा वाद्य वाजविणे हा गुन्हा. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आणखी एक कलम असे की, नोंदलेल्या माणसाला दत्तक घेता येणार नाही आणि मृत्युपत्रही करता येणार नाही. नाचगाण्यावरची बंदी पोटावर होती. हे कलम मात्र नात्यावर होते.

१९११ च्या नव्या कायद्यात हा भाग वगळला गेला. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात आपला मराठवाडा होता, १९१९ साली तशाच नोंदवहीचा कायदा झाला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तो २०२३ साली. एकशे चार वर्षे!

मग ही माणसे टिकली कशी? त्यांनी आपले घर आपणच उभे केले, म्हणून. बापाने हाकललेले बारा-चौदा वर्षांचे मूल कुठल्या तरी गुरूच्या दारी येते. 'रीत' होते, नाव मिळते, घराणे मिळते. या घराण्यांपैकी एकाचे नाव तर 'पूनावाला' असे आहे. गुरूची गुरू ही आजी, गुरूच्या बरोबरीच्या त्या मावश्या. तंटा झाला तर जमातीचे पंच बसतात. तेथे सारे गोडच असते असे नव्हे. दंड असतो, गुरूचा जाच असतो. पण जाच आपल्या घरांतून काय कमी असतो? आजारात उशाशी बसणारे कोणी असणे, हे घराचे खरे लक्षण.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोठा निकाल दिला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू मांडली होती. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याने त्याने स्वतः ठरवावे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०१९ चा कायदा आला. त्याने भेदभावाला बंदी केली; पण ओळखीच्या दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावयास लावले. आणि 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या केली ती अशी : रक्ताचे, लग्नाचे, अथवा कायदेशीर दत्तकाचे. १८७१ च्या कायद्यात द्वेष होता, २०१९ च्या कायद्यात तो नव्हता. पण गुरू-चेल्याचे घर दोघांच्याही बाहेरच राहिले.

या व्याख्येचा अर्थ मला दोन वर्षांपूर्वी एका इस्पितळात कळला. माझ्या नातवाच्या बारशाला आलेल्या ताईंची माझी ओळख होती. त्यांच्या वृद्ध गुरूंना रात्री झटका आला. मी सोबत गेलो. खिडकीपाशी अर्ज भरताना 'रुग्णाशी नाते' या रकान्यात ताईंनी ठळक अक्षरांत लिहिले, 'चेला'.

कारकून म्हणाला, "असे नाते यात बसत नाही, बाई. घरचे कोणी आणा."

ताई म्हणाल्या, "मीच घरची. तीस वर्षे एका ताटात जेवतोय आम्ही."

कारकून वाईट नव्हता. त्याच्यापुढे रकाना होता. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिले. मी 'शेजारी' असे लिहून सही केली. ती चालली! ज्याला त्या म्हातारीचे पूर्ण नावही ठाऊक नव्हते, त्याची सही चालली. रात्रभर बाकावर मात्र ताईच बसल्या. पहाटेपर्यंत आणखी पाचजणी आल्या; कोणी डबा आणला, कोणी औषधाचे पैसे. त्यांना कोणीही नाते विचारले नाही.

घरी येताना आजी आठवली. तिने मान दिला, यात संशय नाही. पण आता आठवते, तोही ओसरीवरच. त्या पाहुणीला माजघरात कोणी बोलावले नव्हते, तांब्याभर पाणीही विचारले नव्हते. सरकारने रकाना ठेवला नाही, तसा आम्हीही पाट मांडला नव्हता.

त्या गुरू वाचल्या. यंदा पाडव्याला ताई त्यांना घेऊन आमच्याकडे फराळाला येणार आहेत. सूनबाईंनी विचारले, "खुर्च्या बाहेर ओसरीवर मांडायच्या ना?"

मी म्हणालो, "नको. आत मांडा. आपल्या पंक्तीतच."